गाडीतून केलेला फोन

चार्जिंग स्टेशनवर नर्सबाई गाडी बाकाशेजारीच चार्जिंगला लावून बाकावर टेकल्या. पलीकडे एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं. दुसऱ्याचं ऐकू नये हे खरं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“लेकाच्या लष्करी छावणीच्या फाटकावर आपली गाडी अडवली. परदेशी बनावटीची, इंटरनेटवाली गाडी आत नको म्हणाले.”

“का हो? बॉम्ब थोडाच आहे तिच्यात?”

“कॅमेरे आहेत, माईक आहे. ऐकलेलं सगळं तिकडे, बनवणाऱ्यांकडे जात असेल तर?”

“ऐकून ऐकून काय ऐकणार? तुमचे गुडघे आणि माझं पित्त!”

“हसण्यावारी नेऊ नकोस. परवा गाडीतून त्याला फोन लावलास, तेव्हा काय बोललीस?”

“काही नाही बाई. जेवलास का, झोप लागते का...”

“आणखी?”

“कुठं पाठवताहेत, ते विचारलं.”

“त्यानं सांगितलं?”

“आईपासून लपवील का तो? जागा सांगितली, कधी निघणार तेही सांगितलं. अहो, त्याला काही होणार नाही ना?”

“हळू बोल.”

“आता कशाला हळू? गाडी तर तिकडे लांब उभी आहे.”

“आपली लांब आहे.”

नर्सबाईंनी वर पाहिलं. म्हातारा त्यांच्या गाडीकडे बघत होता. तीही त्याच कंपनीची होती.