रात्रीची कॅप्सूल

ग्वेंडा: उतर खाली. तो वजनकाटा वासरांचा आहे.

मेरिन: वासरांना चालतो, मग मला का नाही?

ग्वेंडा: वासरू आकडा बघून तोंड पाडत नाही म्हणून. किती भरलीस?

मेरिन: ब्याऐंशी.

ग्वेंडा: बुटांसकट?

मेरिन: उडायचं बुटांसकटच असतं, ग्वेन. बूट, टोपी, पाण्याची बाटली, सगळं धरून. वरून गुरं हाकायच्या मागच्या मोसमात एकाहत्तर होते. म्हणजे आता अकरा किलोचं पोट मी वर नेते आणि तेवढं पेट्रोल खाली ठेवते. दुपारच्या उन्हात हेलिकॉप्टरला दम लागतो. जास्तीचं वजन त्याला सोसत नाही.

ग्वेंडा: अगं, पन्नाशी उलटली की पोट येतंच. सगळ्यांना येतं.

मेरिन: तुला नाही आलं. एकसष्टाव्या वर्षी कुंपणाच्या खांबासारखी आहेस.

ग्वेंडा: आमच्या घराण्याचा बांधाच तो. माझा भाऊ बघ.

मेरिन: नवरा माझा असला तरी तुझ्या भावाचं नावच नको काढूस. बैलानं खांदा मोडल्यापासून डूगलला स्वतःची पँट चढवता येत नाही. हेलिकॉप्टर काय उडवणार? बाजूला हो, मला तांबडं फुटायच्या आत निघायचंय.

ग्वेंडा: थांब. तारेवर सीटचं मेंढीचं कातडं टांगलंय. ओलं आहे. एवढ्या पहाटे तू धुतलंस?

मेरिन: चहा सांडला होता.

ग्वेंडा: उडताना चहा कधीपासून प्यायला लागलीस?

मेरिन: ग्वेन, उशीर होतोय.

ग्वेंडा: चाळीस वर्षं मी या घरातले डाग काढतेय. चहाचा डाग कुणी गार पाण्यात मीठ घालून भिजवत नाही. बादलीच्या तळाशी मीठ राहिलंय, मेरिन. गार पाणी आणि मीठ कशाला लागतं ते मला ठाऊक आहे. खरं सांग.

मेरिन: पाळी आलीये. त्यात काय एवढं?

ग्वेंडा: तुझी पाळी जाऊन चार वर्षं झाली.

मेरिन: मग परत आली. डॉक्टरनं हार्मोनचे पॅच दिलेत ना, त्यांचा गुण म्हणायचा. मी तरुण होतेय. डूगलला सांगू नकोस, घाबरेल बिचारा.

ग्वेंडा: मला हसू येत नाहीये. कधीपासून?

मेरिन: ईस्टरच्या सुमारास. आधी नुसते डाग पडायचे.

ग्वेंडा: आणि आता?

मेरिन: आता कातडं धुवावं लागतं.

ग्वेंडा: देवा. बस इथं. त्या ड्रमवर बस.

मेरिन: बसत नाही. बसले की उठवत नाही हल्ली.

ग्वेंडा: हल्ली म्हणजे?

मेरिन: दमते. सगळेच दमलेत. मोसमाची अखेर आहे.

ग्वेंडा: डॉक्टर इलोनानं तुला पॅच दिला तेव्हा मी तुझ्याबरोबर होते. पॅच एकटा नव्हता दिला. झोपताना घ्यायची कॅप्सूलही होती. ती घेतेस ना?

मेरिन: सोडली.

ग्वेंडा: कधी?

मेरिन: मागच्या पावसाआधीच. अगं, ती रात्री घ्यायची आणि मी पहाटे उडायचं. डोकं कापसात गुंडाळल्यासारखं व्हायचं. एकदा तर तारेचं कुंपण मला अगदी जवळ आल्यावर दिसलं. त्यात पोट फुगायचं. पट्टा एक भोक पुढे, मग दुसरं. म्हटलं, पॅच चांगला आहे, तो ठेवू. त्यानं झोप लागते, अंगातून वाफा येत नाहीत, उडवायच्या दांड्यावरचा हात घामानं घसरत नाही. वजन वाढवतेय ती कॅप्सूल, ती टाकून देऊ.

ग्वेंडा: टाकल्यावर वजन उतरलं?

मेरिन: नाही.

ग्वेंडा: नाहीच उतरणार. पोट वयानं आलंय, कॅप्सूलनं नाही. डॉक्टरला विचारलंस?

मेरिन: विचारायचं काय त्यात? तू समोर होतीस की. पॅच तूही लावतेस. न्हाणीघराच्या फळीवर तुझा डबा असतो. कॅप्सूल मी तुझ्याकडे कधी बघितली नाही. आणि तू ही अशी, काडीसारखी. दहा वर्षं नुसत्या पॅचवर ठणठणीत आहेस. मला वाटलं, तुलाही डोक्यात कापूस नको झाला असेल. शहाणी बाई, म्हटलं, तिनं केलं तसं करावं.

ग्वेंडा: मेरिन, मला कॅप्सूल लागतच नाही.

मेरिन: तेच तर म्हणतेय मी.

ग्वेंडा: माझी पिशवी काढलीये.

मेरिन: काय?

ग्वेंडा: गर्भाशय. नाहीये मला.

मेरिन: कधी काढलं?

ग्वेंडा: टाउन्सव्हिलच्या मोठ्या इस्पितळात गेले होते ना, पित्ताचे खडे म्हणून. ते खडे नव्हते.

मेरिन: डूगल तुला भेटायला आला होता तेव्हा. आम्ही फुलं पाठवली होती.

ग्वेंडा: पिवळी. माझ्या खाटेशेजारी आठवडाभर होती. काय सांगायचं होतं मी तुम्हाला? जेवणाच्या टेबलावर, पोरं बसलेली असताना?

मेरिन: मला सांगायचंस. एकटीला.

ग्वेंडा: हो. तुला सांगायला हवं होतं.

मेरिन: मग माझं काय होतंय? ते सांग.

ग्वेंडा: मला समजावलं होतं तेवढंच मला माहीत आहे. पॅच आतलं अस्तर वाढवत नेतो. कॅप्सूल त्याला आवरते. पिशवी असलेल्या बाईनं नुसता पॅच लावायचा नाही. अस्तर वाढतच राहतं, आणि वाढता वाढता भलत्या वळणावर जातं. म्हणून तर मला म्हणाले, तुम्हाला नुसता पॅच चालेल.

मेरिन: भलत्या वळणावर म्हणजे?

ग्वेंडा: ते इलोनाच्या तोंडून ऐक. आज तिचा दवाखाना आहे. दहापर्यंत तिचं विमान इथं उतरेल.

मेरिन: उन्हाळ्यात घामानं पॅच निघून यायचे. मग मी दोन लावायची.

ग्वेंडा: एका वेळी दोन?

मेरिन: एक तरी टिकेल म्हणून. बहुतेक वेळा दोन्ही टिकायचे.

ग्वेंडा: चल घरात. आत्ता.

मेरिन: नाही. ऐक. एक कुरण राहिलंय. तिथल्या तळ्यात गुडघाभर चिखल आणि वर वीतभर पाणी उरलंय. गुरं रोज आत जाऊन रुततात. काल दोन गायी जिवंत होत्या, कावळ्यांनी त्यांचे डोळे काढलेले. उद्या ट्रक येतायत. दुसरा पायलट कुणी मोकळा नाही, मी सगळीकडे फोन केलेत. इलोनाला सांगितलं की ती मला उडू देणार नाही. पहिलं वाक्य तेच असेल तिचं.

ग्वेंडा: असू दे.

मेरिन: एक दिवस, ग्वेन. आज गुरं कोंडवाड्यात घालते. उद्या ती ट्रकमध्ये चढली की म्हणशील तिथं येते. टाउन्सव्हिलला, कुठंही. ईस्टरपासून चाललंय, एका दिवसानं काय बिघडणार?

ग्वेंडा: ईस्टरपासून चाललंय म्हणूनच म्हणतेय.

मेरिन: गुराखी पोरं मोटारसायकली घेऊन कधीच पुढे गेलीत. वरून कुणी नसेल तर त्या झाडीत त्यांच्या अंगावर बैल येतील.

ग्वेंडा: मी इलोनाला सांगणार.

मेरिन: सांग. मी तोवर वर असेन.

ग्वेंडा: मेरिन! सीटवर काय घातलंयस? कातडं ओलं आहे.

मेरिन: पोतं घातलंय.

(सकाळचे साडेदहा. घरचा रेडिओ, त्याच चॅनलवर हेलिकॉप्टर आणि कुरणातली सगळी माणसं.)

ग्वेंडा: मेरिन, घरून बोलतेय. ऐकू येतंय का?

मेरिन: येतंय. थोडक्यात बोल.

ग्वेंडा: पाहुणी आलीये. तुझी वाट बघतेय.

मेरिन: तिला केक कापून दे.

ग्वेंडा: तिला केक नकोय. तू हवीयेस.

मेरिन: मागचा कळप कोंडवाड्याच्या दारापाशी आलाय. तासभर लागेल. आणि ग्वेन, चॅनल सगळ्यांचा आहे.

डॉक्टर: मेरिन, मी इलोना बोलतेय. मी विचारते, तू फक्त हो किंवा नाही म्हण. सकाळपासून कमी झालंय?

मेरिन: नाही.

डॉक्टर: वाढलंय?

मेरिन: ते डावीकडचे दोन बैल फिरलेत. टॉबी, मोटारसायकल मागे घे. मागे हो म्हटलं ना!

डॉक्टर: मेरिन. वाढलंय?

मेरिन: हो.

डॉक्टर: गाठी पडतायत?

मेरिन: हो.

डॉक्टर: छातीत धडधड?

मेरिन: इथं सगळंच धडधडतंय, डॉक्टर. सीटखाली इंजिन आहे.

डॉक्टर: डोळ्यांपुढे अंधार येतोय का?

मेरिन: अंधार नाही. कडा जरा करड्या दिसतायत. धूळ फार आहे.

डॉक्टर: धूळ समोरही दिसते. समोर स्वच्छ दिसतंय तुला?

मेरिन: समोर दिसतंय.

डॉक्टर: आणि फक्त कडा करड्या आहेत.

मेरिन: हो.

डॉक्टर: मग ती धूळ नाही. किती उंचावर आहेस?

मेरिन: झाडाच्या शेंड्याएवढी.

डॉक्टर: मोकळी जागा बघ आणि उतर.

मेरिन: पहिली गाय दारातून आत गेलीये. तिच्यामागं सगळी जातील. आत्ता मी वरून हटले तर कळप फुटेल, आणि एकदा फुटला की या झाडीतून परत निघत नाही. दहा मिनिटं द्या.

डॉक्टर: तुझ्याकडे दहा मिनिटं आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही.

मेरिन: पाच.

ग्वेंडा: दे तो माइक माझ्याकडे. टॉबी, रेग, जे कुणी ऐकताय ते ऐका. मेरिनला रक्त जातंय. बायकांना जातं तसं नाही, थांबत नाहीये. ती वर बेशुद्ध पडली तर खाली तुमच्याच डोक्यावर येईल. दारापासून लांब व्हा. गुरं सोडून द्या.

मेरिन: ग्वेन! हे काय केलंस?

ग्वेंडा: या वेळी पित्ताचे खडे म्हणून खोटं सांगितलं नाही, एवढंच.

मेरिन: कोंडवाड्याचं दार उघडं आहे. कुणीतरी जाऊन लावा ते.

ग्वेंडा: कुणी जाणार नाही. तू खाली आल्याशिवाय कुणी हलणार नाही. मेरिन? मेरिन, बोल.

डॉक्टर: मेरिन, बटण दाब. बोलता येत नसेल तर नुसतं दाब.

मेरिन: उतरतेय.

ग्वेंडा: कुठं?

मेरिन: पंपाच्या पश्चिमेला. पांढऱ्या मातीवर. बोलू नका आता.

ग्वेंडा: बरं. नाही बोलत.

मेरिन: उतरले.

डॉक्टर: छान. इंजिन बंद कर. पंखा थांबेपर्यंत बाहेर पडू नकोस. मग जमिनीवर आडवी हो आणि पाय सीटवर टेकव. उभी राहू नकोस, कशालाही. रेडिओ चालू ठेव, माइक हातात असू दे. आम्ही गाडीत बसतोय, गाडीतल्या रेडिओवर येतो.

मेरिन: टॉबीला इकडे पाठवू नका. पोर आहे तो, त्यानं हे बघायला नको.

ग्वेंडा: नाही पाठवत. आम्ही दोघीच येतोय. ऐकू येतंय का आता? दुसरं फाटक ओलांडलं आम्ही.

मेरिन: येतंय. पोतं भिजलंय, ग्वेन. पार भिजलंय.

ग्वेंडा: भिजू दे. पोती खंडीभर आहेत.

मेरिन: इलोना, तपासणीत काय निघेल?

डॉक्टर: आत्ता नाही सांगता येणार. आधी रक्त थांबवायचं, मग आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायचा. विमान तुला इथूनच थेट टाउन्सव्हिलला नेईल.

मेरिन: पण तुला काहीतरी वाटतंय.

डॉक्टर: मला वाटतंय की तू बोलत राहावंस.

मेरिन: ईस्टरला आले असते तर?

डॉक्टर: पाय वर आहेत ना?

मेरिन: आहेत. तू उत्तर नाही दिलंस.

डॉक्टर: नाही दिलं.

ग्वेंडा: मेरिन, आम्ही नाल्यात उतरतोय. इथं गाडी हळू घ्यावी लागते. तू गप्प होऊ नकोस. तिथून काय दिसतंय ते सांग मला.

मेरिन: काय दिसणार?

ग्वेंडा: जे दिसेल ते.

मेरिन: गुरं. दारातून परत बाहेर येतायत. एकामागून एक. किती सावकाश चालतात गं, कुणी हाकत नसलं की.