आभाळातला नळ

मंडळी, ऐका! आज सरळच विचारतो. लेकराला शाळेत चित्रकला कशाला शिकवायची? अं? — मागचे काका म्हणतात, "वेळ जावा म्हणून!" वा काका! तुमचा वेळ जावा म्हणून आमचं कीर्तन, आणि पोरांचा जावा म्हणून चित्रकला! — हसा, हसा! पण याचं उत्तर मी देणार नाही. उत्तर देईल पहिलीतली एक पोर!

गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे! तिथल्या शाळेत कुंदाबाई नावाच्या शिक्षिका. चित्रकलेचा तास आला की फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, बाजूला नारळाचं झाड. पोरं बघून काढणार. आता त्या गावाला डोंगर नाही, आणि नारळ दिसतो तो फक्त देवळात फोडताना — पण वह्यांमधे सगळं कोकण! पुढं बाईंनाच ते खुपायला लागलं. एक दिवस त्यांनी फळा पुसला न् म्हणाल्या, "आजपासून जे डोळ्यांना दिसतं, तेच काढायचं."

झालं! वह्यांत म्हशी आल्या, रुसलेली आजी आली, घोरणारे आजोबा आले! गावभर बोभाटा! शाळा समितीचे अध्यक्ष संपतराव तणतणत शाळेत आले. माणूस दिलदार हो! वडिलांच्या नावानं शाळेला पाण्याची टाकी बांधून दिलेली, नळाच्या वर संगमरवरी पाटी! पण तोंड तिखट. "बाई, म्हशी काढायला पोरं शाळेत येतेत का? म्हशी घरी हायेत! चित्रकला बंद! त्या तासाला गणित घ्या."

आत्ता कुठं पोरं बघायला शिकत होती! बाई हात जोडून म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, एक तास द्या. तुमच्यासमोर घेते. त्यातून काही निघालं नाही, तर मी पुन्हा चित्रकलेचं नाव काढणार नाही."

"ठरलं!"

शनिवारी सगळी शाळा ओसरीवर, समोर समिती खुर्च्यांवर. बाई पोरांना म्हणाल्या, "शाळेतली जी जागा आवडत नाही, ती काढा."

खडू चालायला लागले. संपतराव पाठीमागं हात बांधून फिरत होते, एका कागदापाशी थांबले. खाली एवढीशी मुलगी, वर ढग, ढगाशेजारी सूर्य — आणि सूर्याला खेटून नळ! "हा हा हा! बघा हो, नळ आभाळात! हेच शिकवता व्हय बाई? कुणाचं हे ध्यान?"

कागदामागून एक डोकं वर आलं. "माझं हाय, आबा."

मंडळी, त्यांचीच नात! रेवू!

सगळे खो खो हसले. रेवूचे डोळे भरून आले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. रेवूचा हात धरून सगळ्यांना टाकीपाशी घेऊन गेल्या. "अध्यक्षसाहेब, रागावू नका. जरा खाली बसा. रेवूएवढे व्हा."

सगळ्या शाळेसमोर अध्यक्ष मातीत! गुडघे कुरकुरले, पण बसले. वर पाहिलं! नळ वर, नळावर पाटी, पाटीच्या मागं आभाळ. पोरीनं दिसलं तेच काढलं होतं हो!

"आबा, उड्या मारल्या तरी हात पुरत न्हाई."

"मग पाणी कुठं पितीस गं?"

"पीतच न्हाई. घरी आल्यावर पिते."

संपतरावांना आता उमगलं. रेवू सारखी तापानं फणफणायची, लघवीला जळजळ व्हायची. डॉक्टर म्हणायचे, पोरगी पाणी कमी पिते. आणि आबा बोल लावायचे सुनेला! टाकी बांधताना गवंड्याला त्यांनीच सांगितलं होतं, "नळ माझ्या तोंडापाशी धर, वाकायला नको!" बघा मंडळी! दान लेकरांना, आणि माप स्वतःचं!

"उद्याच गवंडी आणतो," संपतराव म्हणाले.

"आणा," बाई म्हणाल्या, "पण नळ कुठं बसवायचा, ते पोरं ठरवतील."

मग काय विचारता! पोरांनी सुतळीनं सगळ्यात बुटक्या पोराचं माप घेतलं. चिखलाची छोटी टाकी केली, तिच्यावर तांब्यानं पाणी ओतलं — खाली तळंच साचलं! पोरं म्हणाली, इथं तर घसरून पडू! मोडली. पुन्हा केली, या वेळी उतार देऊन. पाणी सरळ कडुनिंबाच्या आळ्यात! टाळ्या! गवंड्यानं हुबेहूब तसंच बांधलं.

आणि तो दिवस उगवला. रेवू पुढं आली, तिनं नवी चावी फिरवली — धो धो पाणी! पोरांनी असा गलका केला की कडुनिंबावरचे कावळे उडाले! रेवू ओंजळीनं पोटभर प्यायली. मग संपतराव स्वतः मांडी घालून बसले न् त्याच नळाचं पाणी प्यायले. भिजल्या मिशांनी म्हणाले, "बाई, चित्रकलेचे दोन तास करा! आणि त्या दोन तासांत मलाबी बसू द्या!"

पाटी खाली आली, मंडळी! खालच्या नळावर लागली. पणजोबांचं नाव आता रेवू बोट ठेवून वाचते.

आता सांगा काका, वेळ जावा म्हणून? गणित मोजायला शिकवतं, खरं आहे. पण काय मोजायचं, ते आधी दिसायला नको का? ते दिसावं म्हणून लेकराच्या हातात खडू द्यायचा!

इथं देवापुढं तुम्ही छान मांडी घालून बसलाय. घरी गेलात की लेकरापुढं अशीच मांडी घाला. त्याचा कागद हातात घ्या, आणि हसू नका — विचारा! बाळा, तुझा नळ कुठंय? आणि तो आभाळात निघाला ना, तर समजा, तो तिथं आपणच टांगलाय! — वाजवा रे मृदंग! बोला, विठ्ठल विठ्ठल!