जाम झालेल्या खिडक्या

आमच्या प्लेनोच्या घरापुढच्या ड्राइव्हवेत आत राहायची सोय असलेली ती जुनी गाडी, तो कॅम्पर, पाहिलाय ना तुम्ही? बायको, शैला, गेल्यापासून त्याचं आतलं काम मी एकटाच करतोय. परवा आत प्लायवूड बसवत होतो, तर वाऱ्याने दार आपटून बंद झालं. आतलं हँडल मीच काढलेलं, खिडक्या जाम, फोन घरात. हाक मारावी तर घरात कोण आहे?

तेवढ्यात शेजारचा बॉब कुत्र्याला घेऊन चालला होता. मी काचेतून दोन्ही हात जोरजोरात हलवले. त्यानेही हसून हात हलवला आणि सरळ घरी गेला!

अर्ध्या तासाने त्यानेच येऊन दार उघडलं. मी ओरडलोच, "अरे, मी अडकलो होतो!"

तो वरमला. म्हणाला, "मला वाटलं, आज तू पहिल्यांदाच आपणहून हात केलास. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला जेवायला बोलाव."