बारावी माळ

सरकारी दवाखान्यात मी दातासाठी नंबर लावला होता. बसायला जागा मात्र गुप्तरोगाच्या खोलीबाहेर मिळाली. शेजारी एक म्हातारा उपरण्यात तोंड लपवून बसला होता. तेवढ्यात त्याच्या गावचा एकजण आला.

"गहिनीनाथ आबा! तुमी इथं?"

"हळू बोल, श्रीमंता. तू कशाला आलास?"

"म्या? काविळीची लस घ्यायला. इथं देत्यात म्हणं."

"मी बी त्यालाच आलोय."

"तुमी? माळ घालून अख्ख्या गावाची कावीळ उतरवताव की! लहानपणी माझी बी तुमीच उतरवली."

नर्स दारात आली.

"गहिनीनाथ आबा, तुम्हाला लस नको. रक्तात दिसतंय, ही कावीळ तुम्हाला होऊन गेलीय. परत होत नाही. म्हणून तर आम्ही आधी रक्त तपासतो."

"मला? कवा झाली?"

"लहानपणी असेल. पुष्कळांना कळतही नाही. आपोआप बरी होते."

नर्स आत गेली.

"आपोआप? आबा, म्या महिनाभर गळ्यात माळ घालून हिंडलो! शाळेत पोरं नवरदेव म्हणायची!"

"गावात बोलू नगंस, बाबा. सोमवारी अकराजण यायलेत माळ घालून घ्यायला."

"बोलणार! पारावर बसून सांगणार!"

"सांग की. पर कुठं ऐकलं म्हणून इचारलं, तर?"

श्रीमंतनं दारावरची 'गुप्तरोग विभाग' ही पाटी वाचली.

"आबा, बारावी माळ माझी धरा."