थोरली तुझ्याकडे, धाकटी माझ्याकडे

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर एक नर्सबाई आपल्या तारखेची वाट पाहत होत्या. शेजारी एक नवरा-बायको हातभर अंतर ठेवून बसले होते. त्यांच्या दोन्ही मुलींना न्यायाधीशबाईंनी आत बोलावलं होतं.

“मुलींना काय पढवून पाठवलंयस?” नवऱ्यानं विचारलं.

“काही नाही. तू?”

“थोरली तुझ्याकडे, धाकटी माझ्याकडे. आपलं ठरलंय.”

“वकिलांनी ठरवलं. मी नुसती मान हलवली.”

“आता शब्द फिरवू नकोस.”

“धाकटीचे केस थोरलीच विंचरते. मला हात लावू देत नाही. तुला जमेल?”

“शिकेन.”

“आणि थोरलीनं कुणाचे विंचरायचे?”

नर्सबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात दार उघडून धाकटी बाहेर आली.

“बाळा, काय विचारलं बाईंनी?” आई म्हणाली.

“कुणाकडे राहायचंय ते.”

“मग?”

“ताईकडे म्हटलं.”

“अगं, आई की बाबा?”

“ताई म्हणाली, जो दोघींना ठेवेल त्याचं नाव घेऊ. बाई म्हणाल्या, जाऊन विचारून ये.”

बाप बाकावरून उठला.

“तुझ्या वकिलाला बोलाव,” तो बायकोला म्हणाला. “दोघी एकत्रच राहतील. कुणाकडे, त्यावर मग भांडू.”