सहा सेकंदांचा राक्षस

गौरवी : बघा पपा, परत पाठवलं. बहात्तर चित्रं काढली होती मी.

गोकुळदास : कशाक? रंग चुकले?

गौरवी : रंग आवडले त्यांना. पण राक्षसाला वजन नाही म्हणतात, कागदाचा वाटतो. रविवारपर्यंत सुधारलं नाही तर माझे सहा सेकंद दुसऱ्या कोणाला देणार.

देवकी : ह्यांका आदी सेकंद कसले ते सांग गो. नुसती मान हलवतत, कळला म्हणान.

गौरवी : लहानपणी तुम्ही म्हापशाहून सीडी आणलेली ना, डोंगरातल्या राक्षसाच्या कार्टूनची? ते आवडणारे दोनशे जण आहेत, देशोदेशीचे. सगळा सिनेमा आम्ही टॅबवर नव्यानं काढतोय, वाटून घेऊन. राक्षस पायऱ्या उतरून त्या मुलीपुढे बसतो, तेवढं माझ्याकडे आलंय.

गोकुळदास : दाखय. हो राकस न्हय गे. हो कचेरीतलो कारकून, बस चुकात म्हणान धावता.

गौरवी : मग राक्षस कसा चालतो?

देवकी : त्यांका इचारू नको. गुडघो गेलो आणि दशावतारात राकस करूचा सुटला, तेच्यानंतर हो विषय ह्या घरात निघणा नाय.

गोकुळदास : तो पायान चलणा नाय. पोटान चलता. आदी वजन फुडे येता, मगे पाय तेका सावरूक धावता.

गौरवी : नाही समजलं.

गोकुळदास : सांगान समजाचा न्हय ता. मोबाइल घे आणि अंगणात रव. मी ओसरीवरसून उतरतंय.

देवकी : अहो, गुडघो.

गोकुळदास : तीनच पायऱ्यो आसत.

गौरवी : थांबा, पाय दिसत नाहीत. हां, आता या.

देवकी : खांबाक धरा.

गोकुळदास : राकस खांबाक धरता काय? बघ बाय. हयसर, पोटात वजन. आता पाय. हात मागे रवले, ते मगे येतले.

गौरवी : दिसलं, दिसलं. आणि बसताना?

गोकुळदास : बसताना तो लहान जाता. समोरचा चेडू भियात म्हणान. असो, हळूहळू.

देवकी : दुखता मा?

गोकुळदास : दुखता. तोंडार दिसता ता पण काढ गो, कामाचा आसा.

गौरवी : पपा, परत एकदा जमेल?

गोकुळदास : तुका कळापर्यंत उतरतंय.

(महिन्याभरानं, रविवारची दुपार. पुरा झालेला सिनेमा नेटवर लागलाय. तिघं ओसरीवर, टॅबभोवती.)

गौरवी : हा तुकडा कोरियातल्या मुलीचा. हा संपला की आपला. आला.

देवकी : अगो बाय. तोंड राकसाचा, पण चाल ह्यांची. ती पाठमोरी सुद्धा मी वळखतंय.

गोकुळदास : गप रव, बघूक दी.

गौरवी : बसला. झालं आपलं. आता बाजूला लोक काय लिहितायत बघा. चार हजार जण बघतायत एकाच वेळी.

गोकुळदास : चार हजार? काय लिवतत?

गौरवी : एक म्हणतो, त्यानं पाय टेकला तेव्हा माझी खुर्ची हलली. ही म्हणते, तो बसला आणि मला रडू आलं. आणि आमचं काम जुळवणारी बाई, जिनं परत पाठवलं होतं ना, ती लिहिते, सगळ्या सिनेमातला हा तुकडा सर्वात चांगला.

देवकी : बरा झाला. तिका पण कळला.

गोकुळदास : माझ्या शेवटच्या खेळाक पार्शे गावात तीनशे माणसां होती. माका वाटला, संपला थंयच.

गौरवी : नावं सुरू झाली. थांबा, आमचं येईल.

देवकी : मोठ्यान वाच.

गौरवी : 'चित्रं, गौरवी. चाल, गोकुळदास. कोरगाव, गोवा.'

गोकुळदास : माझा नाव कित्या घातलंस?

गौरवी : चाललात तुम्ही. मी नुसती गिरवली.

देवकी : बोला मा कायतरी.

गोकुळदास : फुडलो सिनेमा खयचो घेतत ते इचार तेंका. म्हातारीची चाल पण येता माका.