फर्दर मॅथ्सची गणपूर्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर रघुवीर. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, आपल्या भागातल्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या, प्रमुख मिसेस पार्टरिज. आजची सत्कारमूर्ती चिरंजीव तनया. तिच्या मातोश्री डॉक्टर सुचेता. खुर्च्या कमी पडल्यामुळे रेडिएटरला टेकून उभे असलेले माझे बंधुभगिनी. आणि किचनच्या खिडकीपलीकडे आपल्या सगळ्यांसाठी केक कापत असलेला माझा मुलगा नील! आपल्या इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस या नात्याने मी, शशी खांबेटे, आपणा सर्वांना नम्र अभिवादन करतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पाच मिनिटे' असं छापलंय. पत्रिका मीच छापली आहे, त्यामुळे तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या रांगेतून आमची सौ. उल्का आत्तापासूनच मला घड्याळ दाखवते आहे. उल्का, मी आत्ताच उभा राहिलोय गं.

मुद्द्यावर येण्याआधी एक सांगून टाकतो. आज दुपारी दोन वाजता इथे किचनमध्ये एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून नील माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. सोमवारी सकाळच्या ट्रेनने तो ब्रिस्टलला एका बेकरीत अप्रेंटिस म्हणून चाललाय. म्हणजे माझ्या हातात उद्याचा एकच दिवस आहे. आणि मला माइकशिवाय धड बोलता येत नाही, हे आपण गेली चौदा वर्षं सोसताच आहात. तेव्हा सत्काराच्या भाषणात थोडं घरचं येईल. अध्यक्षांची परवानगी आहे असं मी धरून चालतो. ते डोळे मिटून बसलेत, म्हणजे आहेच.

तर तनया. फर्दर मॅथ्समध्ये ए-स्टार, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, मिळवून ही मुलगी पुढच्या आठवड्यात डरहॅम युनिव्हर्सिटीत मॅथ्स शिकायला निघाली आहे. टाळ्या! जोरात वाजवा, हीटिंगचे पैसे भरलेत पण गरम काही होत नाहीये.

आता हे फर्दर मॅथ्स म्हणजे काय? मॅथ्स संपल्यावर ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी आणखी मॅथ्स. जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला बसणारी माणसं असतात ना, तसली ही मुलं. शिवाय कॉलेजात 'एन्रिचमेंट' नावाचा प्रकार असतो. आठवड्यातून एका दुपारी अभ्यास सोडून काहीतरी करायचं, प्रत्येक प्रकाराचा वार वेगळा. तनयाने डिबेट केलं, लहान मुलांना गणित शिकवलं, आणि वेल्सच्या डोंगरात पाठीवर तंबू घेऊन दोन दिवस रस्ता चुकून आली. त्याबद्दल तिला पदक मिळालं! आम्ही लहानपणी रस्ता चुकलो की घरी आल्यावर काय मिळायचं, ते इथे बायकामुलांसमोर सांगत नाही.

तर असं हे सुखाचं कॉलेजजीवन. गळ्यात ओळखपत्राचं लॅनयार्ड, अंगात ऑफिसचा सूट, आणि कॉमन रूममध्ये एका टोस्टरवरून भांडणं. पण हे सगळं सुरू होतानाच दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, डॉक्टर सुचेतांचा मला फोन आला. बाई ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना गाढ झोपवतात, पण त्या दिवशी त्यांची स्वतःची झोप उडाली होती. कॉलेजचा ईमेल आला होता. फर्दर मॅथ्सला फक्त चारच मुलं आहेत, वर्ग चालवायला किमान पाच लागतात, शुक्रवारपर्यंत पाचवं मूल मिळालं नाही तर वर्ग रद्द.

"शशीदादा, काहीतरी करा हो," त्या म्हणाल्या. "तिला मॅथ्सच करायचंय. हा विषय नसेल तर चांगल्या युनिव्हर्सिटीत तिला उभंसुद्धा करणार नाहीत."

मी म्हटलं, "सुचेताताई, तुम्ही निर्धास्त राहा. हा गणपूर्तीचा प्रश्न आहे. गणपूर्ती हा माझा विषय आहे."

मंडळी, आपल्या वार्षिक सभेची परंपरा आपणास माहीत आहे. नसेलच माहीत, कारण आपण येत नाही. सभा साडेदहाला. गणपूर्तीला पंचवीस सभासद लागतात. साडेदहाला हजर कोण? अध्यक्ष, मी, उल्का, आणि चहा करायला आलेल्या यमुनाबाई. मग मी गंभीरपणे जाहीर करतो की गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. तीच सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. अर्धा तास आम्ही चौघं चहा पितो. अकरा वाजता तेच चौघं पुन्हा बसतो आणि सगळे ठराव एकमताने मंजूर. चौदा वर्षांत एकदाही विरोध झालेला नाही.

तेव्हा मी मंडळाच्या लेटरहेडवर कॉलेजला पत्र लिहिलं. त्यात नम्र विनंती केली की, विद्यार्थिसंख्या अपुरी असल्यास वर्ग तीस मिनिटं तहकूब करावा, आणि नंतर त्याच खोलीत चार जणांना घेऊन कायदेशीरपणे सुरू करावा. खाली सही, शिक्का.

मिसेस पार्टरिज मॅडम, ते पत्र तुमच्याकडे अजून आहे म्हणे. तनया, त्यांना इंग्रजीत सांग मी काय म्हणतोय ते. नको, सगळं नको सांगूस.

मॅडमचं उत्तर आलं, अतिशय सभ्य. "आपल्या विचारप्रवर्तक सूचनेबद्दल आभार." या देशात असं उत्तर आलं की समजावं, आपलं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलंय. मग मी स्वतः गेलो. चिवड्याचा डबा घेऊन, नियमावलीची प्रत घेऊन. मॅडमनी मला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण मिस्टर खांबेटे, अर्ध्या तासाने मुलं चारच असतील ना?"

मी म्हटलं, "हो मॅडम, पण तेव्हा त्याचं काही वाटणार नाही."

मग त्यांनी चिवडा खाल्ला आणि म्हणाल्या, "पाचवं मूल आणा. सहा आठवडे बसलं, आमची मोजणी झाली, की मग चारावर वर्ग चालवायला माझी हरकत नाही."

सहा आठवडे. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा. मी तो विसरलो होतो. म्हणजे विसरलो होतो असं मी घरी सांगितलं.

पाचवं मूल कुठून आणायचं? मंडळाची यादी काढली. तनया सोडून त्या वयाची मुलं तीन. आश्लेषाला चित्रकला करायची होती, विहान फुटबॉलच्या अकॅडमीत गेलेला. उरला आमचा नील. त्याने साधं मॅथ्स घेतलं होतं, तेही बिझनेसला उपयोगी पडतं म्हणून. त्याचं खरं लक्ष बुधवारच्या एन्रिचमेंटवर. कॉलेजच्या किचनमध्ये बेकिंग! अर्ज करून, इंटरव्ह्यू देऊन त्याने ती जागा मिळवली होती. आणि फर्दर मॅथ्सचा तास नेमका बुधवारी दुपारी.

मी त्याला म्हटलं, "सहाच आठवडे बस रे."

तो त्याच्या इथल्या मराठीत म्हणाला, "बाबा, मला ते येत नाही. माझी डोकं फुटेल."

"तुला समजायची काय गरज आहे? तू फक्त हजर राहा. आमची अख्खी कमिटी त्यावर चालते."

मग त्याने विचारलं, "तनयाचा क्लास खरंच बंद होईल?"

"होईल."

"ओके. पण कोणाला सांगू नको मी फर्दर मॅथ्स करतो. लोक विचारतील ना मग."

मी शब्द दिला. आणि त्याच आठवड्यात गणपतीच्या आरतीनंतर, प्रसाद वाटता वाटता, साधारण चाळीस लोकांना मी सांगितलं. अहो, काय करणार? एक गृहस्थ आले, "आमचा आरव मेडिसिनला." दुसऱ्या बाई आल्या, "आमची चैत्राली ऑक्सफर्डच्या ओपन डेला." मी माणूसच आहे. तोंडातून निघून गेलं, "आमचा नील फर्दर मॅथ्स घेतोय." त्या बाईंच्या हातातला मोदक तिथेच थांबला. मंडळी, चौदा वर्षं मी या व्यासपीठावरून दुसऱ्यांच्या मुलांना पुष्पगुच्छ दिलेत. त्या दिवशी पहिल्यांदा लोक माझ्याकडे तसे बघत होते. पुण्याला ताईला फोन केला. तिने सोसायटीत सांगितलं.

सहा आठवडे झाले. दिवाळीच्या सुमारास नील माझ्याकडे आला. "बाबा, मोजून झालं असेल ना? आता सोडू? बेकिंगमध्ये अजून एक जागा आहे."

आणि मी... उल्का, आता घड्याळ दाखवू नकोस. मी त्याला सांगितलं, "अरे, कॉलेजने नियम बदललाय. शेवटपर्यंत पाच मुलं लागतात. तू सोडलंस तर तनयाचा वर्ग बंद."

नियम कोणीही बदललेला नव्हता. या मॅडमना तो बदलायचं काही कारण नव्हतं. तो नियम मी डाळ-तांदूळ निवडावेत इतक्या सहज, डायनिंग टेबलवर बसून बदलला. का? कारण चाळीस लोकांना काय सांगू?

तो म्हणाला, "ओके. तनयासाठी थांबतो." आणि दोन वर्षं थांबला.

काय केलं त्याने दोन वर्षं? दर बुधवारी घरी भाजलेलं काहीतरी डब्यात घालून वर्गात नेलं. आणि प्रश्न विचारले. काल्पनिक संख्या आल्या तेव्हा सरांना म्हणाला, "जो नंबर नाहीच आहे तो लिहायचा कशाला?" घरी येऊन मला विचारलं. मी म्हटलं, अरे, आपल्या मंडळाच्या सभासदयादीत असे साठ आहेत, त्यांच्याच जोरावर हॉलला सवलत मिळते. हसू नका, आपल्यापैकी काही जण त्यातलेच आहेत.

मला वाटायचं, पोरगा वर्गाचा वेळ फुकट घालवतोय. परवा आभाराच्या यादीसाठी तनयाला विचारलं, "कोणाकोणाचं नाव घेऊ गं?" ती काय म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत, तिच्याच मराठीत सांगतो. तनया, लाजू नकोस. म्हणाली, "काका, पहिली नीलची नाव घ्या. आम्ही चौघं क्लेव्हर होतो ना, म्हणून कोणी विचारायचं नाही. कळलं नाही तरी मान हलवायचो. नीलने 'हे का?' विचारलं, की सर परत पहिल्यापासून सांगायचे. तेव्हा मला खरी कळायची. तो नसता तर माझं ए-स्टार नसती आली."

निकाल लागला. तनयाला ए-स्टार. नीलला ई, म्हणजे काठावर. पास! पण मी ताईला फोनवर सांगितलं की इथे मार्क सांगायची पद्धत नाही. ताई म्हणाली, "मग तनयाचे कसे कळले?" मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

आणि आपल्या मंडळाचा सत्काराचा नियम आहे, 'ए' किंवा त्यावर. म्हणून आज नीलचं नाव पत्रिकेत नाही. तो नियम कोणी केला? मीच. कुठल्या सभेत, ते आपल्या लक्षात आलंच असेल.

आता दुपारी दोनचा प्रसंग. मॅडम वेळेवर आल्या. आपल्या कार्यक्रमाला वेळेवर आल्यामुळे त्यांना किचनशिवाय जायला जागा नव्हती. तिथे नील कपकेकवर क्रीम घालत होता. मॅडम सहज त्याला म्हणाल्या, "नील, मला नेहमी नवल वाटायचं. सहा आठवड्यांनंतर तुला सोडता येत होतं. का नाही सोडलंस?"

नीलने माझ्याकडे बघितलं. मी ट्रेमधल्या चमच्यांकडे. मग तो खाली मान घालून पुन्हा क्रीम घालायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतंच क्रीम घालत राहिला, एकेक नीट.

मॅडम, तुमची काहीच चूक नाही. सत्काराची शाल खांद्यावरून काढलीत तरी चालेल, जड होत असेल तर. आपलं सहकार्य मंडळ विसरणार नाही. डॉक्टर सुचेता, आपण नाश्त्याचा भार उचललात, आभारी आहे. यमुनाबाई, चहा उत्तम. अध्यक्षमहोदय, आपण मला मध्ये थांबवलं नाहीत, त्याबद्दल आपले आणि आपल्या डुलकीचे आभार. तनया, डरहॅमला कळलं नाही तर मान हलवू नकोस. विचार. नील कसा विचारायचा ते तुला माहीत आहे.

शेवटी, वक्त्याने सभेची क्षमा मागायची असते. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर पोटात घाला वगैरे. आज मी आपली कोणाचीही क्षमा मागणार नाही. माझ्याकडे जेवढी क्षमायाचना आहे ती सगळी एकाच माणसासाठी लागणार आहे.

नील, खिडकीचं शटर खाली ओढू नकोस, ऐक. मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझे दोन वर्षांचे बुधवार मी लोकांना दाखवायला वापरले. तू मात्र तेच बुधवार खरोखर दुसऱ्यासाठी दिलेस. मला तुझ्या 'ई'ची लाज वाटत होती, बाळा. आज या सगळ्यांसमोर सांगतो, लाज माझी मला वाटायला हवी होती. मला माफ कर. लगेच नको, तुझ्या सवडीने. सोमवारी स्टेशनवर सोडायला मी येऊ का, तेवढं मात्र आज सांग.